गजाला बांधलेली किल्ली

“स्वच्छ आहे का?” बाईने विचारलं, आणि गोपिकाच्या हातातल्या शालूचा पदर अर्धाच उलगडलेला राहिला.

त्याआधीचा प्रश्न सोपा होता. वरुडकडची बाई होती, लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गांधीबागेच्या कापडबाजारात आलेली. गादीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर तिच्या जांभळा शालू होता, आणि मध्येच कानाशी तोंड आणून ती म्हणाली, “बाई, इथं बाथरूम आहे का वं?” गोपिका म्हणाली, “आहे ना. वर, तिसऱ्या मजल्यावर.” हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं, ‘रंग जात नाही’ निघतं तसं, ‘काठ विणलेला आहे, छापलेला नाही’ निघतं तसं. दुकानातली अशी वाक्यं जिभेच्या टोकावर घड्या करून ठेवलेली असतात, हात घातला की वरची निघते. पण त्या बाईने दुसरा प्रश्न विचारला, स्वच्छ आहे का, आणि गोपिकाने हात घातला तर तिथे घडीच नव्हती. कुलरचं पाणी टपटप वाजत होतं. बाई हसली, “काहून वं, तुम्ही नाही जात का?” आणि सोबतच्या सुनेला म्हणाली, “चाल, महाल मोहल्ल्यात मामीकडे जाऊन येऊ.” जांभळा शालू गादीवर पसरून दोघी उठल्या त्या गेल्याच. गल्ल्यावरून मालक गिरिधरभाऊंनी मान वर केली. “काय झालं? भाव नाही पटला?” गोपिका म्हणाली, “घाई होती त्यांले.” आणि शालूची घडी घालायला लागली. काठावर काठ काही केल्या बसेना.

तिला वाईट वाटलं नव्हतं, लाजही नाही. नवल वाटलं होतं. पोरगं बालवाडीत होतं तेव्हापासून ती या दुकानात होती, आता तेच पोरगं आरशासमोर उभं राहून दाढी करतं. आणि एवढ्या काळात आपण तिसऱ्या मजल्याची पायरी चढलो नाही, हे तिला आज एका परक्या बाईने सांगितलं. पहिला मजला तिला डोळे मिटून येत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या ताक्यांवरून हात फिरवून ती सुती कोणता, मिश्र कोणता ते सांगू शकत होती. जिन्याच्या तोंडाशी एक पाटी होती, निळ्यावर पांढरी: ‘महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह – तिसरा मजला.’ सरकारी नियम आला, कोणीतरी साहेब तपासायला आले, तेव्हा लावलेली. ती पाटी दर सोमवारी गोपिकाच पुसायची. अक्षरांच्या कान्यामात्रांत धूळ बसते म्हणून पदराचं टोक ओलं करून पुसायची. पण बाण जिकडे दाखवतो तिकडे काय आहे? फरशी कोणत्या रंगाची? खिडकी आहे का? असली तर तिच्यातून काय दिसतं, मागची गल्ली, की कोणाची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेले कपडे? वर उंदीर आहेत असं सगळ्या म्हणत. पाली आहेत, नळाला गंज आहे, दार लागत नाही. हे कोणी पाहिलं होतं? दुपारी डबे उघडले तेव्हा तिने मिनलला विचारलं. मिनल नवीन, कॉलेज सोडून लागलेली, नखांना रोज वेगळा रंग लावणारी. “मिनल, तू कधी वर गेली का वं?”

“मी?” मिनलचा घास थांबला. “मी नाही बा. मले वाटलं तुम्ही जाता.”

“मले वाटलं तू जाते.”

मिनलला असं हसू फुटलं की ओढणी तोंडावर धरावी लागली. “म्हणजे ताई, कोणीच नाही जात? मंग ते आहे तरी कोणासाठी?”

“पाटीसाठी,” गोपिका म्हणाली, आणि तीही हसली; पण हसताना ओटीपोटात ती ओळखीची जळजळ उठली, आणि हसू तिथेच थांबलं.

खरं म्हणजे कोणी मनाई केली नव्हती. गिरिधरभाऊ भला माणूस, सणाला साडी देणारा, आजारात विचारपूस करणारा. कधी विषय निघालाच तर ते खरोखर चकित होऊन म्हणत, “मी कोणाले नाही म्हटलं? किल्ली तर इथंच लटकून राहिली.” आणि किल्ली खरंच तिथेच होती, गल्ल्यामागच्या खुंटीवर, सगळ्यांना दिसेल अशी. अडचण एवढीच की ती गजाला बांधलेली होती. गज बापूजींचा, म्हणजे गिरिधरभाऊंच्या वडिलांचा. मीटर आले त्याच्या आधी बापूजी याच गजाने कापड मोजत. सागवानी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आणि मधला भाग हातांनी इतका गुळगुळीत झालेला की त्याच्यावर उजेड घसरावा. वरच्या खोलीची किल्ली एकदा हरवली, कुलूप तोडावं लागलं, दुसऱ्यांदा हरवली, तेव्हा बापूजी म्हणाले, आता अशा वस्तूला बांधा जी कोणी कमरेला खोचून घरी नेणार नाही. झालं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून ज्या बाईला वर जायचं तिने गल्ल्याशी येऊन गज मागायचा, तो दोन हात लांब गज हातात धरून साऱ्या गाद्यांवरून, गिऱ्हाइकांमधून, हमालांच्या समोरून जिन्यापर्यंत चालायचं, आणि तसंच परत यायचं. पहिली कोण गेली ठाऊक नाही. तिला पाहून कोणीतरी म्हणालं, “चालल्या मोजाले!” आणि दुसरं कोणी म्हणालं, “किती मीटर निघालं?” तो विनोद करणारा कधीच दुकान सोडून गेला होता, विनोद मात्र राहिला होता. आता गादीवरचा ओमप्रकाश तो सांभाळत होता. पुरुषांना गज लागत नव्हता. ते गल्लीच्या टोकाशी जात आणि पान खाऊन परत येत.

मग बायकांनी काय केलं, तर तहान आवरली. ही विद्या गोपिकाला रुख्मिणीमावशीने शिकवली होती. रुख्मिणीमावशी दुकानातली सगळ्यात जुनी बाई, पाचपावलीत राहणारी, कपाळावर आठ आण्याएवढी मरून टिकली लावणारी. गुडघे गेले म्हणून मागच्या उन्हाळ्यात तिने काम सोडलं. गोपिका नवीन असताना पहिल्याच दिवशी मावशीने तिच्या हातातला ग्लास काढून घेतला होता. “असं नाही वं पोरी. सकाळी घोटभर, दुपारी ओठ ओले, सांजेले घरी पोटभर.” लवंग दाढेखाली कशी धरायची, सुका आवळा किती वेळ चघळायचा, चहा घ्यायचा तर बशीत अर्धा ओतून उरलेला कोणाला द्यायचा, हे सगळं तिने शिकवलं, जशी एखादी सासू पुरणाचं सैलघट्ट शिकवते तसं, अभिमानाने. “मी एकदाही नाही गेली वर,” मावशी म्हणायची, “त्या गजाले हात नाही लावला.” आणि गोपिकाला ते मोठं वाटायचं, व्रतासारखं. दारापाशी खस बांधलेला मोठा माठ होता, गिऱ्हाइकांसाठी. मे महिन्यात माणसं उन्हातून आत येत, डोळे बारीक झालेली, आणि गोपिका दिवसभर ग्लास भरून देत राही, “पाणी घ्या ताई, पाणी घ्या काकाजी,” आणि ते गटगट पीत तेव्हा त्यांच्या गळ्याच्या हालणाऱ्या घाटीकडे पाहत राही. आज तिच्या लक्षात आलं की तिला लोकांचे गळे ओळखता येतात. कोण घाईने पितं, कोण थांबत थांबत, कोण शेवटचा घोट तोंडात धरून ठेवतं. स्वतःचा गळा पाणी पिताना कसा होतो, ते मात्र तिला आठवेना.

आणि मग, डबे आटोपून घडी न बसणाऱ्या त्या शालूवर पुन्हा हात ठेवून उभी असताना, तिला नरखेडकडचं आपलं गाव आठवलं. अंधार अजून फाटायचा असे, आणि माय तिला उठवी. दारासमोर एकेक बाई येऊन उभी राही, कोणी कोणाला हाक मारत नसे, बांगड्यांवरून ओळख पटे. संत्र्याच्या बागेच्या कडेकडेने सगळ्या जात, हातात पाण्याचा डबा. तिथे लाज होती, विंचूकाट्याची भीती होती, बांधावरून कोणाची मोटारसायकल आली तर सगळ्या एकदम उठून उभ्या राहत, जणू बायकांची एक भिंतच उगवली. पण बोलणंही तिथेच होतं. कोणाची सून रुसली, कोणाला दिवस गेले, कोणाची लेक कुठे द्यायची, हे सारं त्या अंधारात ठरे. परतताना उजाडू लागे, पानांवरून थेंब गळत, आणि माय गुणगुणे, तिची स्वतःचीच जोडलेली ओळ,

तहान लागली बाई, विहीर दूर राहिली
सावलीले इचारते, तू तरी पाणी प्याली?

लहानपणी गोपिकाला हा प्रश्न खरा वाटायचा. ती उन्हात थांबून स्वतःच्या सावलीकडे पाहायची, आणि सावली पाणी कसं पीत असेल, वाकून की बसून, याचा विचार करायची. नंतर गावात घरोघरी संडास झाले. मायने पहिल्या दिवशी फोन केला होता, “आता अंधाराची वाट नाही पाहा लागत,” आणि थोडं थांबून, “पण बायका नाही वं भेटत.” गोपिका तेव्हा हसली होती. शहरातल्या लेकीच्या वाट्याला ना तो अंधार होता, ना त्या बायका, ना दार. दार होतं, आणि ते तिने पाहिलं नव्हतं. चौकात उभी राहणारी ती ट्रॅफिकची पोलीस पोरगी कुठे जात असेल? जरीपटका वस्तीत आपल्या घराखाली भाजी विकणारी? सकाळी बसमध्ये आपल्या शेजारी बसते ती, जिचे ओठ कायम सुकलेले असतात? आज सकाळपर्यंत हे प्रश्न तिला पडले नव्हते, आणि आता एकाच्या शेपटाला धरून दुसरा येत होता. जणू सारं शहर बायकांच्या न प्यालेल्या पाण्यावर चाललं होतं.

डॉक्टरीण बाईने गेल्या महिन्यात विचारलं होतं, “पाणी किती पिता?” गोपिका म्हणाली, “पिते की.” डॉक्टरणीने चष्म्यावरून पाहिलं. “दुसऱ्यांदा आल्या तुम्ही याच तक्रारीसाठी. आता तिसऱ्यांदा गोळ्यांवर नाही भागणार, किडनीपर्यंत गेलं तर भरती व्हा लागेल. दिवसभर पाणी प्या. आणि धरून ठेवू नका.” धरून ठेवू नका. गोपिकाने गोळ्या घेतल्या, ताप उतरला, आणि दुसऱ्या दिवशी लवंग दाढेखाली धरून ती दुकानात आली. दोन-तीन दिवसांपासून जळजळ पुन्हा सुरू झाली होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही ती होती, बारीक, चिवट, कापडाखाली राहिलेल्या टाचणीसारखी, आणि कधी नव्हे ते गोपिकाला वाटलं की ही टाचणी आपल्याला काहीतरी विचारते आहे. तोच प्रश्न. गेलीस का कधी?

ती गल्ल्यापाशी गेली. मुद्दाम ठरवून गेली असं नाही. एखाद्या नव्या नक्षीकडे हात जावा तसे पाय गेले. “भाऊ, गज द्या.”

गिरिधरभाऊंनी मोबाइलमधून मान वर काढली. “गज?”

“किल्ली.”

“अच्छा,” ते म्हणाले, आणि ते गडबडले हे तिला दिसलं. त्यांनाही आठवत नसावं की हा गज कोणी मागायचा असतो. खुंटीवरून काढून त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला, पूजेतली वस्तू देतात तसा. कारण तो पूजेतही असे. लक्ष्मीपूजनाला गजाला कुंकू लागे, झेंडूचा हार पडे, आणि तेवढा एक दिवस किल्ली सोडून ठेवत, देवापुढे ती बरी दिसत नाही म्हणून. सोडण्याचं आणि पूजेनंतर पुन्हा बांधण्याचं काम गोपिकाकडे होतं. म्हणजे ही गाठ तिचीच. हातात गज घेताना तिला ती दिसली, सुतळीची, दुहेरी, आवळून मारलेली. लाकूड हाताला थंड लागलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते हलकं होतं.

मग ती चालली. गादीच्या पांढऱ्या चादरीवर उन्हाचा पट्टा पडला होता, तो ओलांडला. एक म्हातारा धोतरजोडी पाहत होता, त्याने पाय आवरले. हमाल ताका खांद्यावर घेऊन थांबला. आणि ओमप्रकाशने, जसं व्हायचंच होतं तसं, गादीवरून आवाज दिला, “काय गोपिकाबाई, चालल्या मोजाले?”

ती थांबली. आजपर्यंत या वाक्याला तिने दुरून पाहिलं होतं, जशी ती तिसऱ्या मजल्याला दुरून पाहत होती. जवळून ते फारच लहान निघालं. तिने ओमप्रकाशकडे नीट पाहिलं. पानाने ओठ लाल, कानावर पांढरे केस, हसायचं की नाही ते न ठरलेला चेहरा. “हो,” ती म्हणाली, “तुम्ही रोज गल्लीत जाता भाऊ, तुमचं कोण मोजते गा?”

हमाल खो खो हसला. धोतरवाला म्हातारा म्हणाला, “बरोबर आहे.” ओमप्रकाश म्हणाला, “अरे, मैं तो मजाक कर रहा था बाई,” आणि उगीचच समोरची साडी झटकू लागला. गोपिका जिना चढली.

दुसरा मजला गेला. पुढचा जिना अरुंद होता, पायऱ्यांवर धूळ अशी एकसारखी पसरलेली की पहिलं पाऊल टाकताना तिला हलकं व्हावंसं वाटलं. वर एकच दार, हिरवं. कुलूप सहज उघडलं. तिने आधी डोळे मिटले, वासाची वाट पाहिली. वास आला तो बंद खोलीचा, चुन्याचा, उन्हाने तापलेल्या धुळीचा. उंदीर नव्हते. फरशी पांढरी होती, मध्ये मध्ये करडे ठिपके. खिडकी होती, उंचावर, हातभर, आणि तिच्यातून कडुनिंबाचा शेंडा आणि आभाळाचा तुकडा दिसत होता. दाराला आतून कडी होती आणि ती लागत होती. नळ होता. तो सोडला तर आधी खरखरला, मग लाल पाणी थुंकला, मग थांबत थांबत नितळ वाहू लागला. गोपिका कितीतरी वेळ ते पाणी पाहत राहिली. कसलीही मोठी गोष्ट या दारामागे नव्हती. एक साधी, रिकामी, कोणाची तरी वाट पाहून झोपी गेलेली खोली. ती बसली तेव्हा जळजळ झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हळूहळू अंग सैल झालं, इतकं सैल की बऱ्याच दिवसांनी तिला स्वतःचे खांदे कळले.

तोंड धुताना तिला ती दिसली. नळाच्या वर, भिंतीवरच्या फरशीच्या चौकटीत, कपाळाच्या उंचीवर एक टिकली चिकटवलेली होती. मरून. आठ आण्याएवढी. धुळीने काठ करडे झालेले. तिच्याखाली आणखी एक, आणि बाजूला आणखी, रंग उडत उडत गेलेल्या, जुन्या जुन्या, एका ओळीत. तोंड धुणारी बाई टिकली काढून समोर लावते आणि घाईत विसरते, तशा. पण दर वेळी विसरते का? गोपिकाने बोट ठेवलं. टिकली सुटली नाही. अशी टिकली दुकानात एकाच कपाळावर होती.

जिना उतरता उतरता, मधल्या पायरीवर बसून तिने फोन लावला. “मावशी, मी गोपिका.”

“बोल वं. कशी आहेस? ऊन काय म्हणते?”

“मावशी, मी वर गेली होती. तिसऱ्या मजल्यावर.”

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला.

“तुमच्या टिकल्या आहेत तिथं.”

मावशीच्या घशातून एक हसू आलं, चोरी पकडलेल्या पोरीचं. “लक्ष्मीपूजनाच्या दिवशी किल्ली मोकळी राहे ना वं. तुम्ही सारे आरतीत. तू म्हणे, मावशी, किल्ली कुठं ठेवू, मी म्हणो, दे इकडं, हरपून जाईन. नवी साडी नेसून जाओ वर. तोंड धुओ. बसो थोडा वेळ. वर्षातून तेवढंच. तुले कसं सांगू? तुले तर मीच शिकवलं होतं तहान मारनं.”

गोपिकाला आरती आठवली, कापूर, टाळ्या, आणि गर्दीत मावशी नसणं. तिला वाटायचं, गेलेल्या नवऱ्याची आठवण येऊन मावशी एकीकडे रडत असेल.

“गोपिका,” मावशीचा आवाज एकदम बारीक झाला, “नळाले पाणी येते का वं अजून?”

“येते. पहिले लाल येते, मंग नितळ.”

“हो,” मावशी म्हणाली, “तसंच येते ते.”

गोपिकाने गज मांडीवर आडवा घेतला. गाठ तिचीच होती, कोणतं टोक ओढायचं ते बोटांना ठाऊक होतं. खाली येऊन तिने गज गल्ल्यावर ठेवला. “बापूजींचा आहे भाऊ, पूजेत ठेवा.” आणि किल्ली आपल्या फळीच्या बाजूला, कैची लटकते त्या खिळ्याला अडकवली. गिरिधरभाऊंनी खिळ्याकडे पाहिलं, गजाकडे पाहिलं, पितळी टोपीवर अंगठा फिरवला. “पण हरवली तर?” ते म्हणाले. “मी आहे ना,” गोपिका म्हणाली. गिरिधरभाऊंनी गज खुंटीवर परत टांगला नाही.

ती माठाशी गेली. ग्लास भरला. समोर कोणी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मिनलने तिच्याकडे पाहिलं, मग ओमप्रकाशने. तिने तो ग्लास स्वतःच्या तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या, न थांबता, शेवटचा घोट किंचित तोंडात धरून, सगळा प्याली. खसाचा वास नाकात चढला. पाणी छातीतून खाली जाताना तिला कळत होतं, ते कुठपर्यंत पोचलं तेही. तिने दुसरा भरला.

मिनल जवळ आली. खिळ्यावरच्या किल्लीकडे पाहत, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, हलकेच म्हणाली, “ताई, स्वच्छ आहे का वं?”

“धूळ आहे थोडी,” गोपिका म्हणाली, आणि ग्लास तिच्या हातात दिला. “खिडकी उघडी ठेवजो येतानी.”